भोगवटा दाखला

पाथर्डी फाट्याच्या साइटवर
कडुलिंबाची बारा रोपं उतरवली टेम्पोतून.
खड्डे वीतभर. काळ्या पिशव्या तशाच,
वरून लाल मातीचा पदर.

नकाशात 'झाड क्र. ७, राखायचे' असं लिहिलेलं
ते उंबर होतं तिथे आता पाण्याची टाकी.
कलंत्री शेठ म्हणाले, वादळात गेलं.
कुठलं वादळ, कुणी विचारलं नाही.

निकुंभ मॅडमनी फोटो काढले,
बारा मोजली, सही केली.
मग एका रोपापाशी वाकल्या,
मी बांधलेली निळी सुतळी चाचपली बोटांनी.
"हे मखमलाबादच्या स्कीमला होतं ना,
पोळ्याच्या आधी?"
मी टेम्पोच्या चाकाकडे बघत राहिलो.
"वाढलंय पण," म्हणाल्या, "चार बोटं."

पंधरा दिवसांनी रोपं परत न्यायला गेलो.
पुढची साइट आडगावला.
अकरा निघाली.
निळ्या सुतळीभोवती आळं केलेलं कुणी,
वॉचमनच्या पोरीने बहुतेक,
ओलं.
पिशवी फाडून मुळी खाली गेलेली.
ओढलं एकदा. मग नाही ओढलं.

नर्सरीच्या वहीत लिहिलं:
एक मेलं.