अकरा मिलिमीटर

बाबा म्हणाले, उजवीकडे.
पुढच्या अ‍ॅक्सलचा गोळा मधोमध नव्हता,
उजवीकडे सरकलेला, इंजिनाला वाट देऊन.
एकतीस वर्षं खडकीच्या वर्कशॉपात
तोच उघडत होतो, तोच मिटत होतो,
मला काय विचारतेस.

म्हणून पुन्हा विचारलं नाही.

एकास दहाच्या मापात उजवीकडे म्हणजे
अकरा मिलिमीटर.
एक दांडा त्रेपन्न, दुसरा एकतीस.
तयार मिळतात ते अ‍ॅक्सल सगळे सरळमार्गी,
गोळा नाकासमोर, दोन्ही हात सारखे.
त्यातला क्राऊन-पिनियन तेवढा काढून घेतला,
बाकीचं बोहरी आळीतून आणलं:
वीतभर पितळ, एक पोलादी सळई,
आणि दुकानदाराची नजर,
मॅडम, हे नक्की कशाला.

सेकंड शिफ्ट सुटली की भोसरीत
झेंड्यांच्या लेथवर जायचं.
झेंडे म्हणाले, खेळण्याला दोन शतांश?
दिवसभर कंपनीत लोकांचे गिअर नापास करून
पोट भरत नाही का तुमचं?
तरीही त्यांनी चक घासूनपुसून दिला,
आणि शेवटचा कट मी घेताना
रेडिओ बंद केला.
कीस निघत होता पिवळा, कुरळा,
शेवयांसारखा.

चौथ्या रात्री ट्रक चाकांवर उभा राहिला.
हिरवा रंग अजून ओला होता.

बाबा पलंगावर उताणे.
हात असे थरथरतात की
घड्याळाचा पट्टासुद्धा मी लावते.
म्हणाले, वर धर. तोंडावर धर माझ्या.
असा नाही. बंपर डोक्याकडे.
मी ट्रक छतासारखा धरला त्यांच्यावर,
आणि त्यांनी उजवा हात उचलला.
न बघता.
बोट थेट गेलं जिथं गोळा असायला हवा
तिथं.
तिथं नुसती नळी होती.

बोट थांबलं. थरथरणंही थांबलं बहुतेक,
किंवा मला तसं वाटलं.
हा आपला नव्हे, म्हणाले.

मग कळलं.
त्यांचं उजवं हे ड्रायव्हरचं उजवं नव्हतं कधीच.
तो ट्रक त्यांनी चालवला नव्हता एक दिवस,
चालवणारे दुसरे.
हे खाली, पोत्यावर, डोकं बंपरकडे,
डोळ्यांत ऑइल ठिबकू नये म्हणून एक डोळा मिटून.
त्या जगात उजवं तिकडे होतं.

आळस केला मी. कबूल करते.
नवीन कशाला, म्हणून अख्खा अ‍ॅक्सल पालथा केला,
गोळा आला बरोबर डावीकडे,
बोल्ट आवळले, रिमोट दाबला,
आणि ट्रक हलेना.
पुढची चाकं मागे, मागची पुढे,
फरशीवर नुसता गुरगुरत, थरथरत,
भांडणाऱ्या जावांसारखा जागच्या जागी.
क्राऊन पालथा पडला की असंच होतं,
हे मला माहीत होतं. माझा धंदा आहे तो.

बाबा इतके हसले की उचकी लागली.
पाणी देताना निम्मं उशीवर सांडलं.

पुन्हा बोहरी आळी. पुन्हा पितळ.
दुकानदारानं या वेळी विचारलं नाही.
झेंड्यांनी आपणहून चक उघडला,
आणि मजुरी म्हणून सांगितलं,
पोराला पण एक करून द्या कधी,
मग जरा थांबून, पोराला म्हणजे, मलाच.

काल सोसायटीच्या मागे
नव्या इमारतीच्या खडीच्या ढिगावर नेला.
बाबा खुर्चीत, मांडीवर टॉवेल.
एक चाक दगडावर, एक हवेत,
छोटा दांडा आणि लांब दांडा
आपापल्या लांबीनं फिरत,
ट्रक चढला. घसरला. तिरका होऊन चढला.
वॉचमननं टाळी वाजवली.

मी बाबांकडे पाहिलं, काही बोलतील म्हणून.
ते ढिगाकडे बघत नव्हतेच.
मान वाकडी करून, एक डोळा मिटून,
ट्रकच्या पोटाखाली बघत होते.

ग्रीस भरलंस का, म्हणाले.

नव्हतं भरलं.