सांवेर लाइन

इंदूर ते रेजायना : पावणेतीस तास.
त्यातले दिल्लीला पाच, टोरांटोला पावणेपाच
नुसतं बसायचं.
पुंडेकाका दर मंगळवारी विचारतात,
मी दर मंगळवारी सांगतो.
भाडं बदलतं, तास थोडे इकडेतिकडे होतात,
ते डायरीत लिहून घेतात
आणि तिकीट न काढता
जेल रोडच्या गर्दीत उतरतात.

या मंगळवारी म्हणाले,
"बसणं वगळ. वळणं वगळ.
नुसती ओढलेली तार असेल, तर किती?"
वीज मंडळात होते, छत्तीस वर्षं.
अंतर म्हटलं की त्यांना खांब दिसतात.

शोकेसमधल्या पृथ्वीच्या गोलावरची धूळ पुसली,
पासपोर्टचे गठ्ठे बांधायचा लाल दोरा घेतला.
एक टोक इंदूरवर, नखाखाली.
दुसरं मी न्यायला लागलो पश्चिमेला,
अरबस्तान, युरोप, सगळे जातात तसं.
ताणला की दोरा घसरायचा.
तिसऱ्यांदा घसरला तेव्हा काकांनीच
तो माझ्या हातून घेतला
आणि सरळ वर नेला.
उज्जैनवरून. हिमालयावरून.
कसलंच नाव छापलेलं नाही अशा पांढऱ्यातून,
गोलाचा स्क्रू आहे तिथून पलीकडे,
आणि खाली उतरवला तर
बरोबर रेजायना.
अकरा हजार आठशे ऐंशी किलोमीटर.
दोरा कुठंच वाकला नाही.

काका बराच वेळ गोलाकडे बघत होते.
"म्हणजे उत्तरेला आहे ती.
आणि मी नऊ वर्षं गच्चीवर
विमानतळाकडे तोंड करून फोनवर बोलतोय."

मी म्हटलं, काका, या वाटेनं इथून विमान जात नाही.
"विमानाचं कुठं विचारलं मी?"
दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले,
"पण एवढी ताणायची नसते.
थंडीत तार आखडते.
तिकडे उणे पस्तीस असतं, शर्वाणी सांगते.
झोळ ठेवला नाही तर तुटते."
दोरा खिशात घालून गेले.
माझाच दोरा.

चार वाजता फोन. मागे ट्रकचे हॉर्न.
"सांवेरला आलोय. बसनं.
ही लाइन आम्ही टाकली, अठ्ठ्याहत्तर साली.
शेवटच्या खांबापाशी उभा आहे.
तीस किलोमीटर झाले. वजा कर, भिया."

समोर दुबईची चार तिकिटं खोळंबलेली.
थांबा जरा, म्हटलं त्यांना,
आणि उगाच कॅल्क्युलेटर घेतला.
अकरा हजार आठशे पन्नास.

"हं," म्हणाले. "लिहून घेतो."
मग थोड्या वेळानं, दुसऱ्याच आवाजात,
"हा खांब कललाय रे जरा.
मंडळात कुणाला तरी सांगायला हवं."