अनुभवाचा रकाना

अर्जात अनुभवाचा रकाना दोन बोटं रुंद.
पद : हवामान सखी. अकरा महिने, सहा हजार.
मी लिहिलं, निरंक.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं,
अनुकूलन म्हणजे काय?
शब्द पाठ होता, ऐनवेळी हरवला.
म्हटलं, मे महिन्यात आम्ही तेंदूला
पहाटे तीनला निघतो, बॅटऱ्या घेऊन.
ओच्यात कांदा.
शाळेजवळची बोरिंग आधी आटते,
मग मसरामांची,
मग विचारायचं नाही.
साहेब लिहीत होते. लाईट गेलेली.

नेमणूक झाली. पहिला वर्ग समाजमंदिरात :
अकरा ते चार उन्हात जाऊ नका.
आई दुसऱ्या रांगेत.
सगळं ऐकलं, हजेरीवर अंगठा दिला
आणि कुदळ उचलली.
“आई, आत्ताच सांगितलं ना!”
“मले सांगून काय होते वं?
रोजगार सेवकाले सांग,
दाहाच्या आत हजेरी घेत नाही थो.”

अहवालात यासाठी रकाना नाही.
मी समासात उभं लिहिलं :
तळ्याच्या कामाची हजेरी सहाला घ्या.
हाताच्या घामानं शाई फुटली.
सहाचा आकडा तेवढा
वाचता येतो.