लाइन

शाळेतून लेकरू आलं, वही पुढ्यात टाकली:
‘घरात रोज बोलला जाणारा एक इंग्रजी शब्द घ्या.
त्याचे सापडतील तेवढे अर्थ लिहा.
आणि तो आला कुठून, ते.’
मी मशीनवर होते. गुरवाच्या सुनेचा ब्लाउज,
बाही उसवलेली.
गल्लीत कुणीतरी नुकतंच ओरडलं होतं,
‘आली का वो लाइन?’
म्हटलं, हाच घे.

मग मोजायला बसलो.
रात्री दोनला शिवारात येते ती, थ्री फेज.
टँकरमागं लागते ती,
जिच्यात माणूस नसला तरी
त्याच्या नावचा दगड उभा असतो.
नणंदेचा थोरला लातूरला ज्या लाइनला गेला
आणि दोन वर्षांत मुकाट परत आला, ती.
वहीवरची निळी.
डाव्या अंगाची तांबडी,
जिच्या पलीकडं लिहायचं नसतं.
ह्याचा बाप रेणापूरच्या स्टँडवर उभा राहून
माझ्यावर मारायचा, ती.
ही लिहू नको, म्हटलं.
सोमेशनं आधी तीच लिहिली.

‘आन् लायनिंग?’
ते वेगळं रे, अस्तर ते.

ओट्यावरून आप्पांनी हात पुढं केला, उजवा.
मन्मथप्पा लाइनमन. एकतीस वर्षं खांबावर.
एकदा वरूनच विचारलं होतं, लाइन बंद आहे का,
आणि खालून कुणीतरी हो म्हणालं होतं.
तेव्हापासून तळहात चिंचोक्यासारखा गुळगुळीत.
हात बघणारा आला होता एकदा,
बघितला, अलगद खाली ठेवला,
पैसे न मागता उठून गेला.
‘ही पण लिही,’ आप्पा म्हणाले. ‘गेलेली.’

उगम मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.
चाऊस सरांकडून जाड डिक्शनरी आणली,
पाठ निखळलेली, आत कुणाचं तरी एसटीचं तिकीट.
लाइनचे अर्थ दोन पानं भरून,
आणि सगळ्यात शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
लॅटिन म्हणून कुठली जुनी भाषा,
तिच्यात जवसाला म्हणत लिनुम.
जवसाच्या काडीचा निघायचा वाख,
वाखाचा धागा,
आणि धागा दोन टोकांना ताणून धरला
की मधी जी उरते ती लाइन.
गवंडी धरतो तशी.
त्याच धाग्याचं कापड आतून लावायचे,
म्हणून लायनिंग.

हातातला ब्लाउज मी उलटा केला.
अस्तर पॉलिस्टरचं होतं, चाळीस रुपये मीटर.

‘जवस? आपलं, चटणीचं?’
‘हाव.’
आप्पा हसायला लागले ते थांबेनात,
ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.
‘म्हंजे एकतीस वर्षं मी जवसमन!
आन् बिल्ला कशाचा दिला होता त्यायनी?’

मग गप्प झाले.
हरभऱ्याच्या कडंनं माय जवसाचे दोन तास धरायची.
वरून तारा गेलेल्या, खाली ते उभं.
खांबाच्या बुडाशी बसून आप्पा डबा सोडायचे,
भाकरीवर चटणी, चटणीत तेच.
वरच्याला खालचं ठाऊक नव्हतं,
खालच्याला वरचं.
आता तिथं सगळं सोयाबीन.
जवस मी किराणा दुकानातून आणते,
पाव किलोची पुडी, तिच्यावर इंग्रजी नाव
आणि एक तांबडा बदाम काढलेला.

‘फुलाचं काही दिलंय का त्यात?’
सोमेशनं पान वर-खाली पाहिलं. नव्हतं.
‘लिही मग. निळं असतंय.
सकाळी उघडतंय, दुपारच्याला गळतंय.
आकरापर्यंत जाऊन बघायचं असतंय.’

तेवढ्यात लाइन गेली.
मोबाईलचा उजेड धरून त्यानं लिहिलं.
पानावर जागा उरली नव्हती,
म्हणून तांबड्या रेघेच्या पलीकडं,
आडवं, वरून खाली.