तळहाताएवढा जाळ

भोसरीहून टेम्पोतून आली,
गोणपाटात गुंडाळलेली, चौघांना न उचलणारी.
खानापूरच्या उतारावर मागं सरकली
तेव्हा इक्बालभाई तांबोळींनी तिला पाठ लावली,
अडून बसलेल्या म्हशीला लावावी तशी.

"आज फक्त तळहाताएवढा जाळ, वहिनी.
काटक्या, रद्दीची दोन पानं, बस.
तवा चढवायचा नाही.
बीड नवं आहे. एकदम तापवलंत तर तडकेल,
आणि तडकलेलं बीड जुळत नाही,
वेल्डिंगवाला काहीही सांगो."

माझा रविवार तीन दिवसांवर.
सिंहगडावरून उतरणारं पुणं
दारात उभं राहून पिठलं-भाकरी मागणार,
आणि मी तळहात बघत बसलेली.
एवढ्याशा जाळावर मांजरही शेकलं नसतं.

पेटवली. काळ्या रंगाला घाम फुटला.
वास सुटला, नव्या सायकलीचा, डांबराचा,
दारं-खिडक्या सताड उघडून आम्ही अंगणात बसलो,
आपल्याच घरातून काढल्यासारखे.
आत पत्रा टकटक करत होता.
"बोलू दे. अंग सैल करतीय."

दुसऱ्या दिवशी मनगटाएवढी लाकडं.
बाभूळ, दोन उन्हाळे खाल्लेली.
मी परवा तोडलेली चिंच पुढे केली.
त्यांनी दोन ढलप्या एकमेकींवर वाजवल्या:
बाभूळ खणखणली, चिंच नुसती थप्प.
"ओलं जळत नाही, रडतं.
ते सगळं रडणं नळीत साचतं,
काजळी होऊन चकाकतं,
आणि एखाद्या रात्री नळीच पेट घेते."
रंगाच्या फळ्या नकोत, प्लायवूड नको, दुधाच्या पिशव्या तर नकोतच.
रॉकेलचं नाव काढायचं नाही.
दार आधी बोटभर उघडायचं, दम खायचा, मग पुरतं,
नाहीतर जाळ तोंडावर येतो.
पदर खोचलेला. वाळूची बादली उजव्या हाताला.
एवढे नियम मला लग्नातही
कुणी सांगितले नव्हते.

संध्याकाळी गडाकडून गार वारा सुटला.
मी खिडकी लोटून घेतली.
हातातला चहा ठेवून ते उठले,
खिडकी चार बोटं उघडली,
फटीत विटेचा तुकडा बसवला.
"राहू द्या हो, गारठा येतो."
"येऊ दे."

मग कपाच्या तळाशी बघत:
फौंड्रीत किसन पाचंगे होता, रात्रीचा राखणदार.
पत्र्याची केबिन, डिसेंबर.
घमेल्यात निखारे घेऊन झोपला,
दार लावून, फटींत पोती कोंबून.
सकाळी पहिल्या पाळीनं हाका मारल्या.
चेहरा लालबुंद, टवटवीत,
जत्रेहून आल्यासारखा.
घमेलं कोमट होतं अजून.
"धूर निदान खोकायला तरी लावतो, वहिनी.
त्याला वासच नसतो."

घमेलं भरून कुणी दिलं होतं
ते मी विचारलं नाही.
त्यांनी स्वतःच कप विसळून पालथा घातला.

तिसऱ्या दिवशी आले नाहीत. फोनही नाही.
मी एकटीनं जाळ वाढवत नेला,
घाई न करता, मध्ये दोनदा थांबून.
तव्यावर पाणी शिंपडलं, थेंब नाचत कडेपर्यंत गेला.
पहिली भाकरी एका अंगानं करपली.
ती मीच खाल्ली, उभ्यानं, मिरचीच्या खरड्याशी.
दुसरी फुगली तेव्हा
बघायला कुणी नव्हतं.

रात्री राख काढली, पत्र्याच्या डब्यात,
झाकण लावून अंगणातल्या दगडावर ठेवली, गवतापासून लांब.
मेलेली दिसते ती राख
उद्या दुपारपर्यंत जिवंत असते,
हेही त्यांचंच.

मग दिवा मालवला.
थंडी विटेवरून सरपटत आत येत होती.
मी गोधडी नाकापर्यंत ओढली,
एकदा उठलेही, हात खिडकीपर्यंत गेला.
वीट गार होती.
तिला जरा आत सरकवली, पडू नये म्हणून,
आणि परत येऊन झोपले.