मेल्लगा

साखर पेठेतल्या आमच्या माडीवर रात्री साडेदहानंतर
कॉम्प्युटर माझा असतो.
दिवसभर तो चादरींचा. मोर, गुलाब, चौकडी,
गिऱ्हाइकाला हवा तसला निळा.
शेवटचं डिझाइन सेव्ह केलं की
कीबोर्ड सारतो, जुन्या बाजारातली जॉयस्टिक लावतो,
आणि होटगी रोडच्या धावपट्टीवर
पावणेदोनशे सीटांचं रिकामं विमान आणून उभं करतो.

पट्टी आखूड, म्हणून टाकीत इंधन थोडंच.
ब्रेक धरून जोर द्यायचा, मग सोडायचं.
ऐंशी. शंभर. एकशे वीस.
आतली बाई म्हणते, रोटेट.
तिच्या आवाजात घाई नसते,
घाई माझ्या मनगटात.

पहिल्या आठवड्यात मी ओढायचो,
गंजलेलं शटर ओढावं तसा.
नाक वर, शेपूट खाली, खर्रर्र,
आणि पडद्यावर लाल अक्षरं.
मग भिऊन इतका दबकत, की पट्टी संपली, कुंपण संपलं,
आणि आम्ही चित्रातल्या कुणाच्या तरी रानात.

वहीत लिहून ठेवलंय:
सेकंदाला तीन अंश.
आठ-नऊ अंशांवर चाकं सुटतात.
चाकं खाली असताना अकरा झाले, तर शेपूट टेकते.
म्हणजे जागा आहे ती एकूण दोन अंशांची.
दोन अंश म्हणजे किती, हे हाताला कोण सांगणार?

नायना खाटेवरून बघतात.
राजय्या मेरगू, चाळीस वर्षं जॉबर.
कान मागांनी नेले; बाईचं रोटेट त्यांच्यापर्यंत पोचत नाही.
स्पीकर टेबलावरच आहे, त्याच्या शेजारी
तळवा टेकवून बसतात. तेच त्यांचं ऐकणं.
एकदा विचारलं, मागचं का घासतंय?
हातवारे करून सांगितलं.
ते हसले, चप्पल काढली, पाय दाखवला.
डाव्या अंगठ्याला नख नाही.
भरलेला बीम, म्हणाले, दोघं उचलतात.
पुढच्यानं एकदम उचललं की मागचं टोक खाली जातं
आणि खाली कुणाचा तरी पाय असतोच.
पुढं तुझा मामा होता.
अजून कबूल करत नाही.

मग माझ्या मुठीवर त्यांची मूठ आली,
आणि एकच शब्द आला: मेल्लगा.

मराठीत याचं नेमकं काय करावं, कळत नाही.
हळू म्हटलं की हात थांबतो.
सावकाश म्हटलं की माणूस बसतोच.
मेल्लगामध्ये हात चालू राहतो.

काल रात्री, वहीतल्या खुणांप्रमाणे बेचाळिसाव्यांदा.
(मधे एकदा ऐन एकशे दहावर लाइट गेली, ती धरलेली नाही.)
ऐंशी. शंभर. बाई बोलली.
मी ओढलं नाही. धरलं, आणि धरत गेलो.
नाक उठलं. अडलं नाही, उसळलंही नाही.
चाकं कधी सुटली ते मला समजलं नाही,
टेबलाची थरथर गेली
तेव्हा नायनांनी तळवा उचलला.

खाली सोलापूर होतं.
कंबर तलाव आहे. सिद्धेश्वराचं तळं आहे, मंदिर नाही.
पूर्वेला नुसता खाकी पट्टा,
आमची गल्ली काढायची राहिली आहे.
चौथ्या मिनिटाला पॉज दाबलं.
उतरायचं मला अजून येत नाही.

सकाळी नायनांनी पडदा पाहिला.
विमान तसंच, नाक वर, हवेत.
उतरलं का?
मी मान हलवली.
मग आधी चहा घे, म्हणाले,
आणि तो मोर आज द्यायचाय.