चौदावं गणित

न्खाता बेला वीज शुक्रवारी असते, तीही भरवशाची नाही.
तेम्वा न्यिरोंगो बाई मेमरी कार्ड रुमालात बांधून
बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे जातात.
पानाला शंभर क्वाचा, पाठपोट केलं तर दीडशे.
त्याने विचारलं, चोरीचं नाही ना?
बाईंनी दुसरं पान उघडून दाखवलं:
नक्कल करा. बदला. वाटा. आमचं नाव तेवढं राहू द्या.
विरजण मागायला आलेल्याला
कोणी पावती फाडत नाही, तसं ते पान.
त्याने दोनदा वाचलं
आणि शाई भरली.

भौतिकशास्त्राचं पुस्तक कुठल्याशा थंड गावचं.
त्यात एक माणूस दारातला बर्फ फावड्याने उपसतो
आणि किती कार्य झालं, विचारतात.
वर्गातल्या चाळिसांपैकी एकानेही बर्फ पडताना पाहिलेला नाही.
बाईंनी रात्री त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं
आणि जाळं दिलं,
बोटाएवढ्या उसिपांनी भरलेलं, बत्तीस किलोचं.
इतकं सोपं होतं.
तरी हात अडखळला,
दुसऱ्याच्या वहीत लिहिताना अडखळतो तसा.

चौदाव्याचं उत्तर चूक आहे, वोंगानी चावुला म्हणाला,
रात्री बापाबरोबर तळ्यावर जाणारा, सकाळी बाकावर पेंगणारा.
छापलेलं कसं चुकेल? पोरं हसली.
बाईंनी तीनदा करून पाहिलं.
मग त्या थंड गावाला चार ओळी लिहिल्या,
सोबत जाळंही पाठवलं.

आंबे लागले, उतरले, संपले.

नवी आवृत्ती उतरवायला अडीच तास,
टेकडीवर, फोन डोक्याच्या वर धरून.
चौदाव्याचं उत्तर बदललेलं.
फावडेवाल्याच्या शेजारी जाळंवाला उभा.
आणि आभारांच्या लांबलचक यादीत, बारीक अक्षरात:
वांगोनी चावुला.

वोंगानी तोवर शाळेत नव्हता.
बाप अंथरुणावर, होडी त्याच्याकडे.
बाई पान घेऊन किनाऱ्यावर गेल्या.
तो मचाणावर मासळी पसरत होता, कोपरापर्यंत खवले.
ओलं होईल म्हणून त्याने पान हातात घेतलं नाही,
मान वाकडी करून वाचलं.

नाव चुकलंय.
हो.
तेही दुरुस्त होतं?
होतं.

तो पुन्हा मासळीकडे वळला.
मग पाठमोराच म्हणाला:
बाई, जाळं ओढताना होडी कलते.
ते तुम्ही धरलंच नाही.